घरचंच विमान, घरचेच वैमानिक

साल १९०९. लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका भाड्याच्या जागेत दोन तरुण लाकडाच्या पट्ट्या तासतायत, तारा ताणून बघतायत. शेजारी एकाची नवी नवरी शिलाई मशीनवर बसून लांबच लांब कापडाला टीप घालतेय. ते कापड विमानाच्या पंखांना चढवायचं आहे. नवरीचं नाव लुईझ, नवऱ्याचं जेफ्री डी हॅविलँड. तिसरा फ्रँक हर्ल, बसगाड्यांच्या कंपनीतला मेकॅनिक. हर्लने पुढे जेफ्रीच्या बहिणीशी लग्न केलं, म्हणजे तोही घरचाच झाला, आणि आणखी काही वर्षांनी कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर. भांडवल आजोबांचं. आईच्या वडिलांनी नातवाला हजार पौंड दिले. तुझ्या नावाने मागे ठेवायचे ते आत्ताच घे, असा म्हाताऱ्याचा सरळ हिशेब. जेफ्रीचे वडील पाद्री होते, त्यांच्याकडे असले पैसे नव्हते.

हजार पौंडांतला मोठा वाटा पहिल्याच उड्डाणात मातीत गेला. डिसेंबर १९०९ मध्ये विमान जेमतेम उचललं आणि पंख मोडून आपटलं. जेफ्री वाचला. तो ढिगाऱ्यातून इंजिन काढून परत फुलहॅमला आला आणि पुन्हा रंधा मारायला बसला. दुसरं विमान १९१० च्या सप्टेंबरात उडालं. मग या गृहस्थाने बायकोला मागे बसवलं, आणि तिच्या मांडीवर त्यांचं काही महिन्यांचं बाळ, त्याचंही नाव जेफ्री. बारशाला नाव ठेवून वर्षही झालं नव्हतं तर पोर आकाशात जाऊन आलं. वर्ष संपता संपता लष्कराच्या बलून फॅक्टरीने ते विमान ४०० पौंडांना घेतलं आणि जेफ्री-हर्ल जोडीला तिथेच नोकरी दिली.

युरोपात लढाईचं सामान बनवणारी घराणी पुष्कळ झाली. तोफा ओतणाऱ्यांचं एक जग आणि त्या तोफांसमोर उभं राहणाऱ्यांचं दुसरं, अशी त्यांची बहुधा वाटणी असते. कारखानदाराचा मुलगा हिशेबाच्या वहीशी आणि गवळ्याचा मुलगा खंदकात. डी हॅविलँडांच्या घरात ही वाटणी कधी झालीच नाही. मालकच पहिला वैमानिक. मुलं मोठी झाली तेव्हा नवं विमान आधी तीच उडवायची, मग सरकारच्या ताब्यात जायचं. या घराण्याचे बाकी सगळे किस्से याच एका गोष्टीतून निघतात.

पहिलं महायुद्ध झरझर सांगतो. १९१४ मध्ये जेफ्री एअरको कंपनीत मुख्य डिझायनर होता. लढाई लागल्यावर त्याला वर्दी चढवून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गस्तीला पाठवलं. हा माणूस आकाशात घिरट्या घालण्यापेक्षा ड्रॉइंग बोर्डवर जास्त उपयोगी आहे, हे लष्कराच्या लवकरच लक्षात आलं आणि त्याची रवानगी परत कारखान्यात झाली. तिथून त्याच्या आद्याक्षरांची, ‘डीएच’ची विमानं निघाली. त्यातलं डीएच-४ तर अमेरिकेतही हजारोंनी बनलं.

धाकटा भाऊ हेरवर्ड मात्र वर्दीतच राहिला, आणि इथे ही गोष्ट थेट आपल्याकडे वळते. तो मेसोपोटेमियात ३० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होता आणि पुढे त्या स्क्वाड्रनचा प्रमुखही झाला. त्याच आघाडीवर कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडलेली फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. साताऱ्याकडचे, कोकणातले गडी डिसेंबर १९१५ पासून त्या मातीच्या गावात अडकून पडले होते. वरून मदत येईना, रेशन संपत आलं. एप्रिल १९१६ मध्ये ३० स्क्वाड्रनच्या आणि नौदलाच्या विमानांनी वेढ्यात पिठाची पोती टाकायला सुरुवात केली. सैन्याला हवेतून अन्न पुरवायचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. त्याआधी विमानातून जात्याचे दगडही टाकले होते, कारण आत धान्य होतं पण दळायची सोय नव्हती! विमानं लहान, वाऱ्याने काही पोती नदीत आणि काही तुर्कांच्या हद्दीत. हजारो तोंडांना ते पुरणार कसं? २९ एप्रिलला कुत पडलं. कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी जण परत आले नाहीत.

युद्ध संपलं, एअरको मोडीत निघाली. १९२० मध्ये जेफ्रीने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. माणसाला फुलपाखरं आणि पतंग जमवायचा भारी नाद, म्हणून विमानांची नावंही तशीच: मॉथ, जिप्सी मॉथ, पस मॉथ, टायगर मॉथ. स्वस्त, हलकी, दुरुस्तीला सोपी. आगा खानांनी भारत आणि इंग्लंड यांच्यात एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं, तेव्हा १९३० मध्ये जेआरडी टाटा कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. दोघांकडेही जिप्सी मॉथ. इजिप्तमधल्या अबुकिरला गाठ पडली तर अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसलेले. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग काढून दिला, आणि अस्पी काही तासांनी जिंकले. हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. १५ ऑक्टोबर १९३२ ला टपालाची पिशवी घेऊन जेआरडी कराचीहून जुहूला उतरले तेही पस मॉथमधूनच. आपल्या नागरी विमानसेवेची पायाभरणी अशी डी हॅविलँडांच्या लाकूड-कापडावर झाली.

जाता जाता एक नातं सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी विचारेलच. ‘गॉन विथ द विंड’मधली ऑलिव्हिया डी हॅविलँड आणि तिची बहीण जोन फोंटेन या जेफ्रीच्या चुलतबहिणी. त्यांचे वडील म्हणजे जेफ्रीच्या वडिलांचे सावत्र भाऊ.

आता मुख्य नाटक.

१९३० च्या दशकाच्या शेवटी सगळं जग ॲल्युमिनियमच्या विमानांकडे वळलं होतं. अशा वेळी डी हॅविलँडांनी हवाई मंत्रालयापुढे प्रस्ताव ठेवला: दोन इंजिनांचं, लाकडाचं, फक्त दोन माणसांचं बॉम्बफेकी विमान. त्यावर एकही बंदूक नाही. बंदुका, गोलंदाज, त्यांचं वजन सगळं काढून टाका, मग विमान इतकं पळेल की शत्रू गाठूच शकणार नाही. मंत्रालयातल्या बहुतेकांना हे खूळ वाटलं. एकटे एअर मार्शल विल्फ्रिड फ्रीमन मागे उभे राहिले. म्हणून त्या विमानाचं कुत्सित नावच पडलं, ‘फ्रीमनचा वेडेपणा’. १ मार्च १९४० ला ५० विमानांची ऑर्डर निघाली. डंकर्कच्या पळापळीनंतर विमान उत्पादनाचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी ती बाजूला सारली. किस्सा असा की हे काम थांबवा असं त्यांनी फ्रीमनना तीनदा सांगितलं, पण लेखी आदेश एकदाही दिला नाही. फ्रीमननी तोंडी सांगणं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कचेरीत काम केलेल्या कुणालाही यातली खुबी समजावून सांगायला नको. जुलैत ऑर्डर परत रुळावर आली.

डिझाइनचं काम हॅटफिल्डच्या मोठ्या कारखान्यात ठेवलं नव्हतं. बॉम्ब पडले तर नकाशे जाऊ नयेत म्हणून ऑक्टोबर १९३९ मध्येच आर. ई. बिशप यांची टोळी काही मैलांवरच्या सॅलिसबरी हॉल नावाच्या, खंदकाने वेढलेल्या जुन्या वाड्यात हलली. चर्चिल यांच्या आईचं एके काळी तिथे बिऱ्हाड होतं. शेजारच्या शेतात धान्याच्या कोठारासारखा दिसणारा हँगर उभारला आणि पहिलं विमान त्यात जोडलं गेलं. ही सावधगिरी वाया गेली नाही. ३ ऑक्टोबर १९४० ला एक जर्मन युंकर्स ढगांतून खाली आलं आणि त्याने हॅटफिल्डवर बॉम्ब टाकले. २१ माणसं गेली. मॉस्किटोसाठी, म्हणजे याच लाकडी विमानासाठी, साठवलेलं बहुतेक सगळं साहित्य जळालं. पण कोठारातलं विमान शाबूत होतं.

२५ नोव्हेंबर १९४० ला ते पिवळ्या रंगात रंगवलेलं पहिलं मॉस्किटो हॅटफिल्डहून उडालं. उडवणारा कोण? आईच्या मांडीवर बसून आकाश पाहिलेला तोच धाकटा जेफ्री, आता वय वर्षे तीस, कंपनीचा मुख्य चाचणी वैमानिक. सरकारी चाचण्यांत हे लाकडी विमान त्या वेळच्या स्पिटफायरलाही मागे टाकू लागलं, तेव्हा मंत्रालयातल्या हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. एप्रिल १९४१ मध्ये अमेरिकेचे जनरल अर्नोल्ड पाहायला आले. धाकट्या जेफ्रीने त्यांच्यासमोर एक इंजिन बंद करून, उरलेल्या एकावर, वर चढता चढता विमान गरागरा फिरवून दाखवलं. जनरलसाहेब विमानाचे नकाशे बरोबर घेऊनच घरी गेले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आणखी एक गंमत झाली. रात्रीच्या लढाईसाठीचा नमुना सॅलिसबरी हॉलमध्ये तयार झाला. तो सुटा करायचा, ट्रकवर घालून हॅटफिल्डला न्यायचा, परत जोडायचा, यात महिना तरी जायचा. धाकट्या जेफ्रीने शेजारचं शेत पाहिलं, पावलं टाकून मापलं आणि विमान सरळ शेतातूनच उडवून नेलं. तारीख १५ मे. त्याच सुमारास त्याच परिसरात कारेल रिख्टर नावाचा जर्मनांचा हेर हवाई छत्रीने उतरला होता! वाट चुकलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने त्याला रस्ता विचारला, उत्तर विचित्र आलं, ड्रायव्हरने पुढच्या पोलिसाला सांगितलं आणि पाहुणे पकडले गेले. डिसेंबरात त्याला फाशी झाली. तो मॉस्किटोसाठीच आला होता असं सांगायला रंगतदार वाटतं, पण ते खरं नाही. दुसऱ्या एका हेराला पैसे पोचवायला त्याला पाठवलं होतं. आपण कुठे उतरलोय आणि दोन शेतं पलीकडे काय चाललंय, याची त्याला कल्पनाही नसावी.

विमान बनायचं कसं, हे सुतारकामाची आवड असलेल्यांनी जरूर वाचावं. मासा उभा चिरावा तशी धडाची दोन अर्धुकं वेगवेगळ्या साच्यांवर तयार व्हायची. आत-बाहेर बर्चचं पातळ प्लायवूड आणि मधे इक्वेडोरचं कापसासारखं हलकं बाल्सा. सगळं सरसाने चिकटवून दाबून ठेवायचं. अर्धुकं मोकळी असतानाच आतल्या वायरी, नळ्या, केबल बसवून टाकायच्या, मग दोन्ही भाग मिटवायचे. विमानाच्या पोटात शिरून वाकडं-तिकडं होत काम करायची गरजच कमी. यातली खरी अक्कल माणसांच्या हिशेबात होती. लढाईत ॲल्युमिनियमची टंचाई होती, पण सोफे आणि कपाटं करणारे कारागीर रिकामे बसले होते. हाय वायकम हे इंग्लंडचं खुर्च्यांचं गाव. तिथल्या गोम कंपनीसारखे फर्निचरवाले मॉस्किटोचे भाग करू लागले. याच गावाच्या वेशीवर थोरल्या जेफ्रीचा जन्म झालेला. बायका घरगुती शेडमध्ये लहान भाग चिकटवत. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया मिळून साडेसात हजारांहून जास्त मॉस्किटो बनली.

त्यांचे पराक्रम सांगत बसलो तर जागा पुरणार नाही. तीन मात्र सांगतोच. ३० जानेवारी १९४३ ला बर्लिनमध्ये जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याचं रेडिओवर भाषण होतं. नेमक्या त्याच वेळी तीन मॉस्किटो भरदिवसा वर येऊन बॉम्ब टाकून गेली. भाषण तासाभराहून जास्त लांबणीवर पडलं. दुसरी गोष्ट काही मॉस्किटोंवर बसवलेल्या, पाणबुड्या मारायच्या तोफेची. ५७ मिलिमीटरच्या तोफेत आपोआप गोळे भरणारं यंत्र हवं होतं. ते केलं मोलिन्स कंपनीने, जी एरवी सिगारेट बनवायची यंत्रं करायची. तिसरी गोष्ट नील्स बोर यांची. ऑक्टोबर १९४३ मध्ये या नामवंत शास्त्रज्ञाला स्वीडनहून गुपचूप आणायचं होतं. जागा एकच, बॉम्ब ठेवायचा कप्पा. बोर यांचं डोकं मोठं, हेल्मेट लहान पडलं, कानावरचे इयरफोन बसेनात. उंचीवर गेल्यावर ऑक्सिजन चालू करा ही वैमानिकाची सूचना त्यांना ऐकूच आली नाही आणि ते बेशुद्ध झाले. उत्तर येईना म्हणून वैमानिकाने विमान खाली आणलं. स्कॉटलंडला उतरल्यावर बोर म्हणाले, छान झोप लागली.

आता आपल्या हद्दीतला किस्सा. हा कंपनीच्या जाहिरातीत सापडणार नाही.

१९४४ मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी मॉस्किटोची स्क्वाड्रन्स भारतात आली. त्यातली काही विमानं हवेतच मोडून पडू लागली. पंखांवरचं प्लायवूड सुटल्याच्या खुणा दिसल्या. नोव्हेंबरात सगळी मॉस्किटो जमिनीवर उभी केली. मग तर्कांना ऊत आला: पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हात सरस वितळतो, वाळवी लागते. तपासाला इंग्लंडहून पथक आलं, आणि त्याचा प्रमुख कोण, तर हेरवर्ड डी हॅविलँड! तोच, कुतच्या आघाडीवरचा. घरच्या मालाच्या तक्रारीची चौकशी घरच्याच माणसाकडे. आपल्याकडे असं झालं असतं तर पहिल्या दिवशी आरडाओरडा झाला असता, आणि तो रास्तच ठरला असता. सुरुवातीचं बोट हवामानाकडे गेलं. पण पडलेल्या आणि उभ्या विमानांचे सांधे उकलून पाहिल्यावर दुसरंच चित्र पुढे आलं. चिकटवणीचं काम निकृष्ट होतं, सांध्यांत फटी राहिल्या होत्या, आणि हे दोष कंपनीच्या स्वतःच्या, हॅटफिल्ड आणि लीव्हस्डनच्या कारखान्यांतून निघालेल्या विमानांतही होते. बिचारी वाळवी निर्दोष सुटली. दुरुस्त्या झाल्या, ऊन परतवायला विमानांना चंदेरी रंग दिला, आणि मॉस्किटो परत मंडालेच्या दिशेने उडू लागली. घाईघाईत हजारो हातांनी केलेल्या सुतारकामाची ही बाजू, सगळे गोडवे गाताना विसरली जाते.

जमिनीवर चूक झाली की तिची किंमत वर असलेला माणूस देतो, आणि या घरातले दोघे तर रोजच वर असायचे. थोरल्या जेफ्रीला तीन मुलगे. धाकटा जेफ्री, पीटर आणि शेंडेफळ जॉन. जॉनही कंपनीचा चाचणी वैमानिक. २३ ऑगस्ट १९४३ ला सेंट ऑल्बन्सजवळ चाचणीला निघालेली दोन मॉस्किटो हवेत एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले चौघेही गेले. जॉन चोवीस-पंचविशीतला होता.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. २० सप्टेंबर १९४३ ला कंपनीचं पहिलं जेट विमान, पुढे ज्याला व्हँपायर म्हणू लागले ते, पहिल्यांदा उडालं. उडवणारा धाकटा जेफ्रीच. भावाच्या दुःखात असताना वडिलांनी याला विमानात बसू कसं दिलं, हा प्रश्न आपल्याला पडतो. त्या घरात तो पडला असेल असं वाटत नाही. दुसऱ्या कोणाला बसवलं असतं तर तो दुसऱ्याचा मुलगा झाला असता, एवढंच.

तीन वर्षांनी, २७ सप्टेंबर १९४६ ला, वेगाच्या जागतिक विक्रमाच्या तयारीसाठी धाकटा जेफ्री शेपटी नसलेलं, पंख मागे वळवलेलं डीएच-१०८ घेऊन निघाला. आवाजाच्या वेगाजवळ जाताना टेम्स नदीच्या मुखावर विमानाचे तुकडे झाले. मृतदेह किनाऱ्याला लागायला काही दिवस गेले. तो ३६ वर्षांचा होता. दोन मुलं गेल्यावर लुईझ खचली ती सावरली नाही. १९४९ मध्ये ती वारली. वडील मात्र कामावर जात राहिले. १९४४ मध्ये ‘सर’ झाले होते. सत्तरीपर्यंत विमान चालवत होते. १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं. मधल्या काळात, १९४८ च्या सप्टेंबरात, चाचणी वैमानिक जॉन डेरी याने तशाच डीएच-१०८ मधून आवाजाचा वेग ओलांडला. डेव्हिड लीनच्या ‘द साउंड बॅरियर’ चित्रपटातला विमानं बनवणारा करारी बाप पाहताना ज्यांना डी हॅविलँड आठवले, त्यांचं चुकलं नव्हतं.

व्हँपायर पुढे भारतीय हवाई दलाचं पहिलं जेट झालं आणि बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये बनू लागलं. गंमत अशी की जेट असूनही वैमानिक बसतो तो भाग प्लायवूड-बाल्साचाच, मॉस्किटोसारखा. म्हणजे वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या त्या कारखान्यात जेटयुगाचा श्रीगणेशा थोडाफार सुतारकामाने झाला. १ सप्टेंबर १९६५ ला छांबला पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा पठाणकोटहून हीच म्हातारी विमानं पाठवावी लागली, आणि पाकिस्तानी सेबर जेटपुढे एका संध्याकाळी चार व्हँपायर गेली. त्यानंतर त्यांना आघाडीवरून मागे घेतलं.

राहिलं ते कोठारात जोडलेलं पिवळं विमान. युद्ध संपल्यावर ते कंपनीला अडगळ झालं. जागा अडते, भंगारात काढा, जाळून टाका, असे हुकूम निघू लागले. कंपनीतल्या बिल बेअर्ड नावाच्या माणसाने ते जुमानले नाहीत. कधी या कारखान्याच्या मागे, कधी त्या विमानतळाच्या कोपऱ्यात, असं करत त्याने ते बारा-तेरा वर्षं लपवत फिरवलं. इकडे वॉल्टर गोल्डस्मिथ या मरीन्समधल्या निवृत्त मेजरने पडका सॅलिसबरी हॉल राहायला घेतला आणि युद्धात इथे काय चाललं होतं, अशी चौकशी करत तो कंपनीच्या दारी गेला. बेअर्डला हवा होता तो आडोसा मिळाला. १९५९ मध्ये विमान आपल्या जन्मगावी परत आलं आणि तिथेच लोकांना बघायला ठेवलं. तिकीट काढून अजूनही पाहता येतं.